ॲबी थिएटरमधला गदारोळ

फेब्रुवारी १९२६. डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये शॉन ओकेसी यांच्या ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’चा प्रयोग रंगात आला होता. दुसऱ्या अंकात स्वातंत्र्यसैनिकांचे झेंडे थेट दारूच्या गुत्त्यात आले. प्रेक्षक खवळले, काही जण तर रंगमंचावर चढले.

एवढा संताप कशासाठी?

नुसती संहिता वाचून ते उमगत नाही. नाटकाचा विषय असलेल्या, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. निषेध करणाऱ्यांत हॅना शीही-स्केफिंग्टन होत्या. उठावाच्या आठवड्यातच त्यांच्या शांततावादी, निःशस्त्र पतीला ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातल्या होत्या. आणि ओकेसींनी मांडली होती ती डब्लिनच्या चाळींमधल्या गरिबांची होरपळ. वेदना दोन्हीकडे खरी होती.

अखेर कवी येट्स यांनी मंचावर येऊन प्रेक्षकांना खडसावलं. हा सगळा संताप नुसत्या संहितेतून कळत नाही, म्हणून हे नाटक हाती घेण्याआधी वाचकांनी त्या उठावाचा इतिहास जरूर वाचावा.