जुमला म्हणजे सगळे मिळून



ज्यांच्या घरात उर्दू पुस्तकं आहेत, त्यांनी आतल्या पानावर एक ओळ पाहिली असेल: 'जुमला हुकूक महफूज'. म्हणजे सर्व हक्क राखीव. यातला 'जुमला' हा अरबी शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतही गेला, आणि तिथून एका सॉफ्टवेअरच्या नावात आला: जूमला. अर्थ, सगळे मिळून. हे सॉफ्टवेअर वेबसाइट उभी करण्यासाठी आणि चालवण्यासाठी आहे. गंमत म्हणजे याचे हक्क परवान्यानेच सगळ्यांना दिलेले आहेत. कुणीही वापरावं, आतून तपासावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मुख्य अट: पुढे वाटाल तर हेच हक्क पुढच्यालाही द्या.

हे नाव भांडणातून जन्मलं. आधी 'मॅम्बो' नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्याचं नाव एका कंपनीच्या मालकीचं होतं, पण ते घडवत होते वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक. २००५ साली त्या सॉफ्टवेअरसाठी एक प्रतिष्ठान स्थापन झालं. त्याच्या कारभारात आपल्याला खरा आवाज नाही, असं मुख्य कारागिरांना वाटलं. ऑगस्टमध्ये ते जाहीर पत्र लिहून बाहेर पडले. जाताना काय नेता आलं? नाव नाही. पण कोड नेता आला, कारण तो मुक्त परवान्याखाली होता. सप्टेंबरमध्ये त्याच कोडवर जूमलाची पहिली आवृत्ती आली.

आता आपल्याकडे या. मोहल्ल्यातल्या आमच्या अभ्यासिकेची सगळी माहिती एका मोबाइल ग्रुपवर होती: शिष्यवृत्तीच्या तारखा, जुन्या प्रश्नपत्रिका, कोणत्या दाखल्याला कोणती कागदपत्रं लागतात ते. ग्रुप चालवणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, त्याचा फोन हरवला, नंबर बंद झाला. नव्या मुलांना जुनं काही दिसेना. चूक त्याची नव्हती. सगळ्यांच्या घराची किल्ली आम्ही एकाच खिशात ठेवली होती.

जूमलासारख्या व्यवस्थेत मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि पानाचं रूप वेगळ्या साच्यात. त्यामुळे लिहिणाऱ्याला कोड यावा लागत नाही. उद्या रूप बदललं तरी दहा वर्षांपूर्वीचा लेख जागेवर असतो. शिवाय कामं वाटता येतात. 'ऑथर' लिहितो, 'एडिटर' इतरांचं लेखन सुधारतो, 'पब्लिशर' ते प्रसिद्ध करतो. कुणाला काय करता येईल ते आपण ठरवायचं.

इथेच खरा प्रश्न आहे. सॉफ्टवेअर अधिकार वाटायची सोय देतं, वाटायची दानत देत नाही. लेख मुलींनी लिहायचे आणि प्रसिद्ध करायचं बटण एकाच भाईजानच्या हाती, असं झालं तर सॉफ्टवेअर कितीही मुक्त असो, आपण मुक्त नाही.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी साइट फुकट चालत नाही. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. नवी आवृत्ती आली की अपडेट करावं लागतं, नाहीतर जुन्या फटीतून कुणीही आत शिरतं.

म्हणून साइट उभी करण्याआधी एका बैठकीत तीन गोष्टी लिहून काढा. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, व्यक्तीच्या नव्हे. सर्वोच्च अधिकार किमान दोघांकडे असू द्या, त्यात एक मुलगी असू द्या. आणि दर महिन्याला बॅकअप घ्या, फाइल्सचा आणि डेटाबेसचा, दोन्हींचा. एकच घेतलात तर साइट परत उभी राहत नाही.

त्या कारागिरांना नाव सोडावं लागलं, तरी काम वाचलं, कारण परवाना आधीच ठरलेला होता. आपणही भांडण होण्याआधी, सगळे एकत्र असतानाच, हे ठरवून टाकू.