टाळेबंदी, शिथिलता आणि गावाचे मत

(पाळी, तालुका डिचोली येथे ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



साथ ओसरली की माणसे ती विसरू पाहतात. हे स्वाभाविक आहे. तथापि, कोविडच्या साथीत आपल्या गोमंतकात निर्बंध पाळावेत की सैल करावेत यावर जो मतभेद झाला, तो विसरून चालणार नाही. त्या मतभेदातून काही घरांत व वाड्यांत अबोला निर्माण झाला, काहींनी एकमेकांविरुद्ध तक्रारी केल्या, आणि यंत्रणा व जनता यांच्यामध्ये अविश्वासाची रेघ उमटली. पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती येईल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, हे निश्चित. म्हणून त्याचा विचार आज, शांत चित्ताने करणे इष्ट होय.

प्रथम घटनाक्रम स्मरू या. २२ मार्च २०२० रोजी देशभर जनता संचारबंदी झाली. त्याच दिवशी गोव्यात होणारी जिल्हा पंचायतीची निवडणूक पुढे ढकलण्यात आली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि २५ मार्च रोजी राज्यात पहिले तीन रुग्ण आढळले. त्या पहिल्या दिवसांत गोव्यात किराणा दुकानेही बंद राहिली. ज्याच्या घरी महिन्याचे सामान भरलेले होते, त्याला ही दक्षता योग्य वाटली. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला ती अन्यायाची वाटली. लोकांची अडचण उघड झाल्यावर अल्पावधीतच दुकाने उघडण्याचा निर्णय घ्यावा लागला. मतभेदाचे बीज येथेच पडले. रोग किती भयंकर आहे याविषयी वाद थोडाच होता. बंदीचा भार कोणी उचलायचा हा खरा प्रश्न होता.

१९ एप्रिल २०२० रोजी राज्यातील सातही रुग्ण बरे झाले आणि गोवा रुग्णमुक्त म्हणून ओळखला गेला. पण मेच्या मध्यास बाहेरून येणाऱ्या प्रवाशांमध्ये नवे रुग्ण आढळले. जूनच्या प्रारंभी वास्कोतील मांगोरहिल प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झाले. आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातील मोर्ले गावातही साथ पोचली, आणि २२ जून रोजी त्याच गावातील एका वृद्धाचा झालेला मृत्यू हा राज्यातील पहिला कोविडबळी ठरला. दहाच दिवसांनी, २ जुलै रोजी, पर्यटकांसाठी हॉटेले अटींवर खुली झाली. मग जुलैच्या मध्यास तीन दिवसांची टाळेबंदी आणि १० ऑगस्टपर्यंत रात्रीची संचारबंदी आली. एकीकडे दार उघडायचे आणि दुसरीकडे कडी घालायची, हा क्रम सामान्य माणसाला उमगेना. निर्णयामागे कारणे होतीच; पण ती कारणे गावापर्यंत वेळेवर पोचली नाहीत, तर लोक आपल्या परीने अर्थ लावतात, आणि अर्थ जितके, तितके तट पडतात.

पाळीसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे या तटांचे मूळ कळते. हा खाणपट्टा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मार्च २०१८ पासून खाणी थांबलेल्या. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले, खाणावळवाले यांची मिळकत साथीपूर्वी दोन वर्षे आटलेली होती. अशा घरावर टाळेबंदी येते, तेव्हा ती पहिली आपत्ती नसते, दुसरी असते. त्याच गावात नियमित वेतन मिळणारे शासकीय कर्मचारी व शिक्षक राहतात. उसगावचा पूल ओलांडून कारखान्यात कामाला जाणारे राहतात. बागायतीवर जगणारे राहतात. एकच आदेश या सर्वांच्या दारात निरनिराळ्या वजनाने पडतो. म्हणून ‘बंद ठेवा’ म्हणणारा भित्रा आणि ‘उघडा’ म्हणणारा बेजबाबदार, अशी विभागणी करणे हा दोघांवरही अन्याय आहे. ‘बंद ठेवा’ म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा दम्याने आजारी आई असते, आणि ‘उघडा’ म्हणणाऱ्याच्या घरी कर्जाचा हप्ता असतो.

सीमेचा प्रश्नही असाच. दूध आणि भाजी यांसाठी गोवा बेळगावकडे पाहतो. दोडामार्ग व सावंतवाडीकडील कित्येक माणसे पेडणे, म्हापसा, डिचोली येथे रोज कामास येतात. नातीगोती तर सीमा मानीतच नाहीत. नाका बंद करा, ही मागणी सुरक्षिततेच्या भावनेतून आली. परंतु नाका पूर्ण बंद झाला की पलीकडच्या माणसाची मजुरी जाते आणि अलीकडच्या कारखान्याचे यंत्र थांबते. दहावीच्या परीक्षेबाबतही जनमत दुभंगले. २१ मे २०२० रोजी परीक्षा सुरू झाली. विद्यार्थ्यांना धोक्यात घालू नका, असे एक पक्ष म्हणत होता; वर्ष वाया घालवू नका, असे दुसरा. दोन्ही पक्षांच्या मनात मुलांचेच हित होते.

आता २०२१ कडे वळू. एप्रिलमध्ये रुग्ण झपाट्याने वाढले. २९ एप्रिलच्या सायंकाळपासून ३ मेच्या सकाळपर्यंत टाळेबंदी झाली. ती पुढे राज्यभर चालू ठेवण्यात आली नाही, तेव्हा अनेक पंचायतींनी व बाजारांनी स्वतःहून व्यवहार बंद ठेवले. निर्बंध वरून लादले जातात आणि जनता ते झुगारते, ही नेहमीची समजूत येथे उलटी झाली: जनतेने बंद मागितला. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आदेश दिला, की राज्यात येणाऱ्याजवळ संसर्ग नसल्याचा दाखला असावा. ९ मेपासून राज्यव्यापी संचारबंदी लागू झाली. ११ मे रोजी एका दिवसात ७५ मृत्यूंची नोंद झाली. त्या एका महिन्यात जवळजवळ दीड हजार माणसे दगावली. निर्बंध हा सारा फार्स होता असे आजही कोणी म्हणत असेल, तर त्याने या आकड्यासमोर क्षणभर थांबावे. त्याचबरोबर, बंदी हाच सर्व रोगांवर उपाय असे मानणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की टाळेबंदी रोग बरा करीत नाही. ती खाटा, प्राणवायू, परिचारिका आणि लस यांची सिद्धता करण्यास अवधी देते. तो अवधी वापरला गेला नाही, तर जनतेने सोसलेला त्रास फुकट जातो.

हा वाद आपल्याच पिढीच्या वाट्याला आला असे नाही. १८९७ साली, गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना, शेजारच्या ब्रिटिश मुलखात प्लेगमुळे साथरोग कायदा झाला. मूळचा तो अवघ्या चार कलमांचा. आणि २०२० मध्ये देशाने पुन्हा त्याचाच आधार घेतला. पुण्यात रँड यांच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले, देवघर व स्वयंपाकघर यांची विटंबना झाली, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून टीकेचा भडिमार केला, तो मुख्यत्वे अंमलबजावणीच्या जुलमी रीतीवर, रुग्णांना वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता, किंबहुना हिंदू रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. रोगाचे भय दोन्ही पक्षांना सारखेच असते. नियम योग्य असूनही तो राबविण्याची रीत उद्धट असेल, तर लोक नियमच शत्रू मानू लागतात. आणि ज्याने आपल्या दारात येऊन सेवा केली, त्याचे कटू सांगणेही लोक ऐकतात.

एप्रिल २०२० मध्ये राज्यभर घरोघर पाहणी झाली. त्या कामावर हजारो कर्मचारी होते आणि त्यांत शिक्षकही होते. ओळखीच्या गुरुजींनी विचारले तर माणूस ताप लपवीत नाही; अनोळखी गणवेशाने विचारले तर लपवितो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की साथीच्या काळात आपली भूमिका केवळ यादी भरण्याची मानू नका. आदेशाचा अर्थ सोप्या भाषेत सांगणे आणि लोकांची अडचण वर कळविणे, ही दोन्ही कामे गावात आपल्याइतकी दुसरे कोणी करू शकत नाही. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. दहावी-बारावीचे वर्ग २१ नोव्हेंबरला सुरू झाले, पण लहान मुलांना २१ फेब्रुवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले. भ्रमणध्वनीच्या लहरी शोधीत डोंगरावर बसणारी मुले आपण पाहिली. निर्बंधाची सर्वांत मोठी किंमत ज्यांनी मोजली, त्यांना मत विचारले गेलेच नाही, हेही स्मरणात असू द्या.

अधिकारीवर्गास माझे सांगणे असे: प्रत्येक आदेशात चार गोष्टी असाव्यात. निर्बंध कशासाठी, किती दिवसांसाठी, त्याचा फेरविचार कोणत्या तारखेस होणार, आणि अडचण आल्यास कोणाकडे जावे. मुदत माहीत असेल तर माणूस कष्ट सोसतो. बेमुदत बंदी त्याला शिक्षेसारखी वाटते.

ग्रामस्थहो, आपलेही कर्तव्य आहे. आपत्तीत सक्तीचा अधिकार कायद्याने शासन व जिल्हाधिकारी यांच्याकडे असतो. रस्त्यावर लाकडे टाकून वाट अडविणे हा त्यावर पर्याय नव्हे. त्याच वाटेने रुग्णवाहिका आणि बाळंतीण जावयाची असते. गावाने स्वेच्छेने बंद पाळावयाचा ठरविला, तर बंदच्या आधी पुरवठ्याची व्यवस्था व्हावी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, रोजमजुरीवरील घरांची, नियमित औषध लागणाऱ्यांची यादी पंचायतीकडे असावी. ती साथ आल्यावर करावयाची नसते. येत्या ग्रामसभेत करता येईल. त्या सभेत विरोधी मत मांडणाऱ्याला पुरते बोलू द्यावे, त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे, आणि मग जो निर्णय होईल तो त्यानेही पाळावा. मत मोकळे आणि आचरण एक, अशी शिस्त गावाला लागली, तर मतभेद गावाला दुभंगणार नाही. उलट कोणाच्या घरी काय उणे आहे, हे त्या मतभेदातूनच आपल्याला वेळीच कळेल.