सांभाळणाऱ्यांनाही आधार हवा

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असल्याचा अंदाज आहे. बहुतेकांचं सगळं घरातच होतं, आणि ते बहुधा सुनेवर किंवा लेकीवर येतं.

सासूबाई जेवूनही "मला कुणी जेवायलाच दिलं नाही" म्हणाल्या, तर वाद घालू नका. थोडं काही खायला द्या, विषय बदला. तो हट्ट नव्हे, आजार आहे. गड्डा यात्रेच्या गर्दीत नेताना त्यांच्याजवळ नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

आणि सांभाळणारीची झोप? तीही औषधाइतकीच गरजेची. दीर-नणंदांनो, आठवड्यातून एक रात्र तरी तुम्ही जागा. तिचं मन थकलं, तर टेलिमानस हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीही मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे 14567. दोन्ही मोफत. नंबर आत्ताच लिहून घ्या.