कोव्हिडाचें मागें राहणारें दुखणें

ताप उतरला, तोंडास रुचि आली, रोगी हिंडूंफिरूं लागला, म्हणजे दुखणें संपलें, असें घरोघर मानलें जातें. कोव्हिडानें या समजुतीस धक्का दिला. मे २०२० मध्यें इटलींतील एलिसा पेरेगो या पुराणवस्तुसंशोधक विदुषीनें आपल्या न सरणाऱ्या दुखण्यास ‘लाँग कोव्हिड’ हें नांव दिलें. रोगाचें बारसें रोग्यानेंच करावें आणि वैद्यांनीं तें नांव मागाहून उचलावें, असें सहसा घडत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ती ऑक्टोबर २०२१ मध्यें: आजाराच्या आरंभापासून साधारणतः तीन महिन्यांनीं आढळणारीं, निदान दोन महिने टिकणारीं व दुसऱ्या रोगानें उलगडा न होणारीं लक्षणें. थकवा, धाप आणि बुद्धीस आलेलें मांद्य हीं त्यांत ठळक होत.

हें किती जणांस होतें? येथें आंकड्यांचा मेळ बसत नाहीं. वूहान येथें रुग्णालयांतून घरीं गेलेल्या १,७३३ जणांची सहा महिन्यांनीं तपासणी झाली, तेव्हां शेंकडा ७६ जणांस कांहीं ना कांहीं तक्रार उरली होती. जानेवारी २०२१ मध्यें हा आंकडा प्रसिद्ध होतांच अनेकांच्या उरांत धडकी भरली. परंतु हे सारे रुग्णालयांत पडण्याइतके आजारी होते. घरच्या घरीं बरे झालेले त्यांत नव्हतेच. शिवाय थकवा कोणास येत नाहीं? कोव्हिड न झालेल्या शंभर माणसांस विचारलें तरी कांहीं हात वर होतीलच.

ही अडचण ओळखून उत्तर नेदर्लंड्समध्यें ७६ हजारांहून अधिक लोकांस साथीच्या काळांत पुनःपुन्हां प्रश्नपत्रिका पाठविण्यांत आल्या. त्यामुळें त्यांची पूर्वीची प्रकृतीही नोंदली गेली. कोव्हिडानंतर तीन ते पांच महिन्यांनीं शेंकडा २१.४ जणांत लक्षणें नवीं उद्भवलेलीं अथवा बळावलेलीं आढळलीं. पण कोव्हिड न झालेल्या त्याच वयाच्या लोकांतही तीं ८.७ जणांत होतीं. वजाबाकी केली असतां १२.७ उरतात, म्हणजे आठांत एक. ऑगस्ट २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेला हा हिशेब सर्वांत प्रामाणिक हिशेबांपैकीं एक म्हणावा लागेल. मात्र तो ओमिक्रॉनपूर्वींचा आहे. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या दप्तरांवरून २०२४ मध्यें असें दिसलें कीं, पहिल्या लाटांत वर्षभराच्या आंत शेंकडा सुमारें १०.४ जणांस ही व्याधि जडली. ओमिक्रॉनच्या काळांत लस घेतलेल्यांत तें प्रमाण ३.५ झालें.

साडेतीन ही संख्या लहान खरी, पण साथ ज्यांना गांठून गेली त्यांची संख्या अफाट आहे. एकट्या ब्रिटनमध्यें मार्च २०२३ मध्यें एकोणीस लाख लोक आपणांस ही व्याधि आहे असें सांगत होते, आणि त्यांतील पंधरा लाखांच्या रोजच्या कामांत तिनें व्यत्यय आणला होता.

खरी पंचाईत होते ती घरांत. या व्याधीची निश्चित खूण पटविणारी एकही रक्तपरीक्षा नाहीं. सर्व कागद निर्दोष येतात, आणि मग जिना चढतांना मध्येंच बसणाऱ्या सुनेस आळशी, हिशेबांत चुकणाऱ्या कारकुनास बेफिकीर ठरविलें जातें. उलट, प्रत्येक थकव्याचें खापर कोव्हिडावर फोडणेंही घातक. त्याआड रक्तक्षय, मधुमेह किंवा क्षय लपलेला असूं शकतो. तेव्हां प्रथम डॉक्टरांकडून त्यांचा शोध घ्यावा. आणि श्रमाच्या दुसऱ्या दिवशीं ज्याची प्रकृति अधिकच ढासळते, त्यास ‘जरा नेट धर’ म्हणून व्यायामास जुंपूं नये. अशा रोग्यानें आपल्या शक्तीच्या अलीकडेच थांबावें, असें तज्ज्ञ सांगतात.