गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि आपला संकोच

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात कामरगाव येथे केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आम्ही मुलांच्या शिक्षणाविषयी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची अपेक्षा होती. विषय बदलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतली. जो विषय आम्ही मांडणार आहोत, तो पुरुषाने भर सभेत, तोही स्त्रियांसमक्ष, काढावा असा आपल्याकडे रिवाज नाही. आमच्याही तोंडून तो सहजासहजी निघत नाही. परंतु याच संकोचापायी आमच्या घरातील एक माणूस गेले, म्हणून तो काढणे भाग आहे.

आमच्या थोरल्या वहिनींची पाळी जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती. त्यानंतर अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागले. दीड वर्ष त्यांनी ते कोणास सांगितले नाही. शेजारच्या बायकांना कुणकुण लागली, तेव्हा 'उष्णता असेल, धने-जिऱ्याचे पाणी घ्या' असा सल्ला मिळाला. एकाच घरात राहणाऱ्या आणि शाळेत आरोग्याचे धडे शिकविणाऱ्या आम्हांस याचा पत्ता नव्हता. नागपूरला नेले तेव्हा रोग आजूबाजूस पसरलेला होता. शेक दिला; पण पुढचा पोळा त्यांनी पाहिला नाही. तेरवीला आलेल्या पाहुण्यांना आम्ही 'पोटाचा आजार होता' एवढेच सांगितले. ते खरे नव्हते.

वहिनींना झाला तो गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ऐंशी हजार दगावल्या. हा आकडा ऐकून मन सुन्न होते. परंतु त्याहून जिव्हारी लागते ती गोष्ट ही की, कर्करोगांमध्ये ज्याचे मूळ कारण निश्चित सापडले आहे आणि जो बव्हंशी टाळता येतो, असा हा रोग आहे.

या कारणाचा शोध मोठा मनोरंजक आहे. इटलीतील रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासून १८४२ साली असे दाखविले की, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत आढळतो, मठातील जोगिणींत मात्र क्वचितच. याचा उलगडा व्हावयास सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ साली या रोगाच्या गाठींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजेच एचपीव्हीचे, सोळा व अठरा क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे नुसते चामखीळ उठतात, काही धोक्याचे असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्के या दोन प्रकारांमुळेच होतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, असे ऐकताच आपली माणसे स्त्रीच्या चारित्र्याकडे बोट दाखवितात. हा घोर अन्याय आहे. विषाणू इतका सर्वत्र आहे की, संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी लागतो. एकनिष्ठ पत्नीला तो पतीकडून मिळू शकतो, आणि पतीला स्वतःला त्याची जाणीवही नसते. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखावरील पेशी हळूहळू बिघडत जातात. बिघाडाचा कर्करोग होण्यास साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती दुबळी असल्यास कमी. तेव्हा संसर्ग झाला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. वीस वर्षांचा अवधी निसर्ग देतो आणि आपण तो लाजेत घालवितो.

तो अवधी कसा वापरावा, हे आपल्याच महाराष्ट्रातील खेड्यांनी जगाला दाखविले. आज ज्याला धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यात, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे बावन्न गट पाडून काहींत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत शिरक्यातील आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत वापरली. काही गटांत नेहमीचीच सोय ठेवली. आठ वर्षांनी दिसले की, विषाणूची चाचणी केवळ एकदा झालेल्या गावांत या रोगाचे चौतीस मृत्यू झाले, तर न तपासलेल्या गावांत चौसष्ट. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. न तपासलेल्या स्त्रियांविषयी पुढे नैतिकतेचा वाद झाला, तोही आम्हांस रास्त वाटतो. परंतु त्या शेतकरी-मजूर बायाबापड्यांच्या सहभागातून जे ज्ञान मिळाले, ते आपण तरी वाया घालवू नये.

आता लशीविषयी. या लशीत जिवंत विषाणू नसतो. त्याच्या वरच्या कवचासारखी पोकळ प्रथिने असतात, म्हणून लशीने हा रोग होऊ शकत नाही. विषाणू शरीरात येण्यापूर्वी ती द्यावी लागते. म्हणून नऊ ते चौदा हे वय उत्तम. झालेला संसर्ग ती बरा करीत नाही. पुण्याच्या सीरम संस्थेची 'सर्व्हावॅक' ही देशी लस २०२२ साली मान्य झाली.

कोणी म्हणेल, लशीने मुली मेल्या असे ऐकले होते. २००९-१० मध्ये आंध्र व गुजरातेत लसीकरणाच्या एका प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. दोष आढळला तो संमती घेण्यात. आंध्रात पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी व मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. मास्तराची सही बापाच्या सहीच्या जागी चालत नाही, हे आम्ही मास्तर असूनच सांगतो. त्या गदारोळात देशातील दुसरा एक अभ्यासही थांबला. त्यात बार्शी व पुणे ही केंद्रे होती आणि कित्येक मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. त्या मुलींची दहा वर्षे पाहणी केली, तेव्हा एका मात्रेनेही उत्तम संरक्षण मिळते असे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली या वयाच्या मुलींसाठी एक मात्राही पुरेशी ठरविली, त्यात या मुलींचा वाटा मोठा आहे.

लस घेतली तरी तीस वर्षांनंतरची तपासणी चुकवू नये. शासनाच्या कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी करावयाची असते. लशीची व तपासणीची सोय कोठे आहे, हे आशाताईंना विचारावे. पाळी गेल्यावर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास पाच वर्षांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. मात्र 'कर्करोग होईल' असा धाक घालून कोणी पिशवी काढावयास सांगितले, तर आधी तपासणीचा कागद मागावा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ साली उघडकीस आले आणि शासनास समिती नेमावी लागली, हे आपण विसरता कामा नये.

अध्यक्ष महाराज, निवृत्त शिक्षक म्हणून आज आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हावयाचा आहे. तो खर्च वाचवून, तपासणीस कारंज्याला जाणाऱ्या भगिनींच्या गाडीभाड्यास लावावा, अशी आमची विनंती आहे. वधू-वर नोंदणीच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. इच्छुक भगिनींनी तीत नावे लिहावीत. पहिली दोन नावे आमच्या घरच्या सुनांची आहेत. ती त्यांनी आपल्या हाताने, आमच्यादेखत लिहिली आहेत.