‘ध’चा ‘मा’ होऊं नये म्हणून

नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा महाराष्ट्रांत लहान मुलासही ठाऊक असते. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत घडलेल्या त्या प्रसंगाविषयीं परंपरा असें सांगते कीं, मूळ पत्रांत ‘धरावें’ असा शब्द होता. कोणी तरी ‘ध’चा ‘मा’ केला, आणि जेथें नुसती कैद व्हावयाची तेथें प्राण गेला. ही परंपरा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हा प्रश्न निराळा. भाषेंत मात्र तो वाक्प्रचार कायमचा रुजला, कारण त्यांत अनुभवाचें एक सत्य आहे. कागद फाटला तर तें कोणाच्याही ध्यानांत येतें. कागदावरचें एक अक्षर बदललें तर तें कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. आज घरोघरीं असलेल्या लॅपटॉपची स्मृति वाढवितांना जो घोटाळा होतो, त्यांतही हाच भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

मुलुंड पूर्वेस राहणारे एक निवृत्त गृहस्थ आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार आहेत, असें श्रोत्यांनीं क्षणभर समजावें. संस्थेचा दहा वर्षांचा हिशेब त्यांच्या एका जुन्या लॅपटॉपवर आहे. ऑगस्ट महिना चालू आहे. सप्टेंबर संपण्यापूर्वीं वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावयाची आहे. आणि यंत्र इतकें मंद झालें आहे कीं, एक पावती उघडेपर्यंत चहा निवतो. घाटकोपरचा कॉलेजांत शिकणारा भाचा रविवारीं येतो आणि म्हणतो, “मामा, यंत्र टाकून द्यायचं कांहीं कारण नाहीं. आंत रॅमची एक जागा रिकामी आहे. आठ जीबीची पट्टी घातली कीं धांवूं लागेल.” सल्ला वाजवी असतो. भाचा ग्रँट रोडला उतरतो, लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून पट्टी आणतो, यंत्राची पाठ उघडून ती बसवितो, आणि खरोखरच यंत्र धांवूं लागतें.

हें सुख दोन दिवस टिकतें. तिसऱ्या दिवशीं हिशेबाची वही, बँकेचें खातें आणि वीसएक बिलें एकाच वेळीं उघडलेलीं असतां पडदा एकाएकीं निळा होतो, त्यावर पांढरीं अक्षरें उमटतात, आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां चालू होतें. संध्याकाळीं पुन्हां तेंच. दुसऱ्या दिवशीं तीनदां. मामा म्हणतात, “तूंच कांहीं तरी बिघडवलंस!” भाचा म्हणतो, “यंत्रच म्हातारं झालंय. सगळं पुसून विंडोज नव्यानें टाकूं या.” या वादांत मामींचें एक वाक्य कोणी ऐकून घेत नाहीं. त्या म्हणतात, “पट्टी घालायच्या आधीं बंद पडत नव्हतं ना? मग ती काढून बघा कीं.”

शास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत जें करतो, तेंच मामींनीं स्वयंपाकघराच्या दारांतून सांगितलें. परंतु तें कां बरोबर आहे हें कळण्यासाठीं ही पट्टी काय काम करते, हें थोडक्यांत पहावयास हवें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक नांवाचा संगणक पूर्णत्वास आला. त्याची स्मृति लहान लहान चुंबकीय कड्यांची होती, आणि तींत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे एकूण ८१,९२० बिट मावत. बिट म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढीच एक नोंद. आजच्या आठ जीबीच्या पट्टींत अशा ६,८७१ कोटींहून अधिक नोंदी मावतात. आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या रचनेचें पेटंट १९६८ सालीं मिळालें, तीच रचना आजही या पट्ट्यांत आहे. प्रत्येक बिटासाठीं विजेचा एक सूक्ष्म सांठा असतो. तो भरलेला किंवा रिकामा, यावर ‘होय’ कीं ‘नाहीं’ तें ठरतें. पण हा सांठा गळक्या घागरीसारखा आहे. तो साधारणपणें दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदास सुमारे पंधरा वेळां, पुन्हां भरावा लागतो. एवढ्या घागरी, एवढ्या वेगानें, ठरलेल्या दाबानें आणि ठरलेल्या क्षणीं भरल्या गेल्या तरच स्मृति खरी राहते. दाब चुकला, क्षण चुकला, पट्टी खांचेंत किंचित् तिरपी बसली, अथवा एखादी घागर मुळांतच फुटकी असली, तर लिहिलें एक आणि वाचलें दुसरें, अशी अवस्था होते.

यंत्र दोन दिवस ठीक कां चाललें, याचेंही उत्तर यांतच आहे. घरांत नवी खोली बांधली तरी पाहुणे येईपर्यंत तिचें छप्पर गळतें हें कळत नाहीं. स्मृतीचा सदोष भाग जोंवर वापरांत आला नाहीं, तोंवर सर्व शांत होतें. वीस बिलें उघडलीं, तो भाग कामास आला, आणि दोष उघडा पडला. म्हणून ‘दोन दिवस चाललें, अर्थीं पट्टी चांगली’ हें अनुमान चुकीचें ठरतें.

आतां दोष शोधावयाचा कसा? पहिला नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पट्टी काढली, विंडोज नवें टाकलें आणि पंखाही साफ केला, आणि मग यंत्र सुधारलें, तर कशानें सुधारलें हें कोणास सांगतां येणार नाहीं. दुसरा नियम, जें शेवटीं नीट चालत होतें त्या अवस्थेस आधीं परत जावें. नवी पट्टी काढून, जुनी एकटी ठेवून, दोन दिवस नेहमींचें काम करावें. तरीही निळा पडदा आला, तर पट्टीवरचा आळ उतरला. मग उष्णता, तबकडी, किंवा यंत्र उघडतांना ढिली झालेली एखादी तार यांकडे वळावें. पडदा आला नाहीं, तर पुढची परीक्षा घ्यावी.

ही परीक्षा चार चौकोनांची आहे. पट्ट्या दोन, जुनी आणि नवी. खांचा दोन, पहिली आणि दुसरी. जुनी पट्टी एकटी पहिल्या खांचेंत, मग एकटी दुसऱ्या खांचेंत. नवी पट्टी एकटी पहिल्या खांचेंत, मग दुसऱ्या खांचेंत. प्रत्येक वेळचा निकाल कागदावर मांडावा. नवी पट्टी जेथें जाईल तेथें दोषही जात असेल, तर दोष पट्टीचा. कोणतीही पट्टी दुसऱ्याच खांचेंत अडत असेल, तर दोष खांचेचा. चारही वेळां निकाल स्वच्छ, आणि दोन्ही पट्ट्या एकत्र असतांनाच बिघाड, तर दोन चांगल्या माणसांचें एकमेकांशीं पटत नाहीं, तसा प्रकार समजावा. चार ओळींच्या या कोष्टकानें जें कळतें, तें चार दिवसांच्या वादानें कळत नाहीं.

प्रत्येक वेळीं निकाल लावावयाचा तो नुसत्या अंदाजानें नव्हे. विंडोजमध्येंच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ नांवाची चाचणी आहे. तिच्याहून कसून परीक्षा घेणारा ‘मेमटेस्ट’ नांवाचा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून चालवितां येतो. तो स्मृतीच्या प्रत्येक कोपऱ्यांत ठराविक खुणा लिहितो आणि जशाच्या तशा परत येतात कीं नाहीं तें पाहतो. रात्रीं निजतांना लावावा, सकाळीं पहावा. येथें शाळेसारखें पस्तीस गुणांनीं उत्तीर्ण होतां येत नाहीं. कोट्यवधि उत्तरांत एक चूक आढळली, तरी अनुत्तीर्णच समजावयाचें.

पट्टी काढतां-घालतांना पाळावयाचे नियम थोडे आहेत, पण ते मोडल्यास नवा दोष जन्मास येतो. यंत्र पूर्ण बंद करावें, चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास काढावी किंवा आंतील तिची जोडणी सोडवावी, आणि चालू करण्याची कळ कांहीं सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊं द्यावी. अंगावर सांठलेल्या स्थिर विजेचा झटका साधारण तीन हजार व्होल्टपर्यंत माणसास जाणवतही नाहीं. पट्टीवरील चिपांना मात्र त्याहून पुष्कळ कमी झटकाही बाधूं शकतो. मुंबईच्या पावसाळी हवेंत हें भय कमी, वातानुकूलित खोलींत अधिक. आधीं जमिनीशीं जोडलेल्या एखाद्या धातूस हात लावावा, आणि पट्टी कडांनींच धरावी. ती तिरपी घालून मग खालीं दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे ती बसली. सोनेरी दांत खोडरबरानें घासण्याची रीत दुकानांतून दिसते. पण त्यानें सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खांचेंत पडतो. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनें भिजविलेला स्वच्छ कपडा हा त्याहून बरा उपाय. पट्टी बदलल्यावर पहिल्या खेपेस ‘शट डाऊन’ न करतां ‘रीस्टार्ट’ करावें, कारण नुसतें बंद करतांना विंडोज पुष्कळदां जुनी अवस्था सांठवून ठेवतें.

मुलुंडच्या घरीं अखेर मामींचें म्हणणें ऐकलें जातें. जुनी पट्टी दोन्ही खांचांत निर्दोष ठरते. नवी दोन्ही खांचांत चुका करते. भाचा दोन्ही पट्ट्या खिडकीच्या उजेडांत शेजारीं धरतो. जुन्या पट्टीवर ‘पीसी३एल’, नव्या पट्टीवर ‘पीसी३’. फरक ‘एल’ या एका अक्षराचा. पिढी तीच, डीडीआर-३. दांत तेवढेच, २०४. मधली खांचही त्याच जागीं, म्हणून पट्टी बसली. परंतु ‘एल’ची पट्टी १.३५ व्होल्टवर चालते आणि बिनएलची १.५ व्होल्ट मागते. २०१३ च्या सुमारास आलेले अनेक लॅपटॉप १.३५ व्होल्टच पुरवितात. कमी दाबावर कांहीं यंत्रें मुळींच सुरू होत नाहींत. कांहीं सुरू होतात आणि ओझें वाढतांच कोसळतात. पुढच्या पिढ्यांच्या, डीडीआर-४ व डीडीआर-५ च्या पट्ट्या तर खांचेंतच बसत नाहींत, त्यामुळें तेथें चूक ताबडतोब कळते. दुकानदारानें फसविलें असेंही नाहीं. भाच्यानें ‘लॅपटॉपची डीडीआर-३, आठ जीबी’ मागितली, ती त्यानें दिली. जुनी पट्टी, निदान तिच्यावरच्या चिठ्ठीचें छायाचित्र, बरोबर नेलें असतें, तर घाटकोपर ते ग्रँट रोडचा दुसरा फेरा वांचला असता.

‘एल’ची पट्टी येते, रात्रभराची परीक्षा पास होते, आणि घरांत शांतता नांदते. परंतु खजिनदारांच्या दृष्टीनें खरा प्रश्न आतां सुरू होतो. ज्या तीनचार दिवसांत स्मृति खोटें बोलत होती, त्या दिवसांत लिहिलेल्या हिशेबाचें काय?

निळा पडदा हा प्रामाणिक दोष आहे. यंत्रास स्वतःच्या कारभारांत विसंगति दिसली आणि तें ‘मला पुढें जातां येत नाहीं’ म्हणून थांबलें. भय आहे तें न थांबणाऱ्या चुकीचें. संगणकाच्या लिपिसंकेतांत ‘ध’चा ‘म’ होण्यास दोन बिट बदलावे लागतात. पण ‘१’चा ‘९’ होण्यास एकच बिट पुरतो, मग तो आकडा देवनागरी असो वा इंग्रजी. एका सदनिकेच्या नांवावरील १,२०० रुपयांचे ९,२०० होतील, आणि निळा पडदा येणार नाहीं, घंटा वाजणार नाहीं. बँकांच्या व मोठ्या संस्थांच्या संगणकांत अशी चूक पकडून सुधारणारी खास स्मृति बसवितात. घरगुती लॅपटॉपांत ती बहुधा नसते.

अशा चुका म्हणजे आकाशांतून येणाऱ्या किरणांचा क्वचित् घडणारा खेळ, अशीही एक समजूत आहे. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनीच्या टिमथी मे व मरे वुड्स यांनीं चिपेच्या वेष्टनांतील किरणोत्सारी अंशामुळें बिट पलटतात हें दाखविलें होतें, आणि विश्वकिरणांचाही वांटा असतो. पण २००९ सालीं टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर व गूगलमधील त्यांचे सहकारी यांनीं तेथील असंख्य संगणकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां वर्षभरांत शंभरांतील आठांहून अधिक पट्ट्यांनीं निदान एकदां चूक केलेली आढळली. आणि त्यांतील बहुतेक चुका आकाशांतून आलेल्या नसून पट्टीच्या वा यंत्राच्या कायमच्या दोषांतून आलेल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तात्पर्य, ग्रहांस बोल लावण्यापूर्वीं पट्टी तपासावी.

म्हणून यंत्र उघडण्यापूर्वींच हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटांत ठेवावी. बिघाडाच्या दिवसांत काढलेली प्रत त्या जुन्या प्रतीवर कधींही चढवूं नये. ती संशयित म्हणून निराळी ठेवावी. यंत्र निर्दोष ठरल्यावर त्या दिवसांतील प्रत्येक नोंद बँकेच्या खात्याशीं आणि कागदी पावतीशीं ताडून पहावी. कागदी पावतीस विजेचा दाब लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे.

मुलुंडच्या त्या घरीं एका संध्याकाळीं मामा आकडा वाचतात, मामी पावती वाचतात, आणि भाचा पेन्सिलीनें खूण करतो. एकशें चाळीस नोंदी जुळतात. एकशें एकेचाळिसावीपाशीं मामी थांबतात आणि म्हणतात, “पुन्हां वाचा.”