कपाटातलं कार्ड बाहेर काढा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी लहान मुलांची डॉक्टर, म्हणून मला लसीकरणावर बोलायला सांगितलं आहे. सुरुवात माझ्याच घरातल्या चुकीपासून करते.

माझ्या नातवाला नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस दिला. दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा. ते दिवस कोरोनाचे. ‘थोडं निवळू दे, मग नेऊ’ म्हणता म्हणता डोस राहूनच गेला. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा कार्ड काढून पाहिलं, तर रकाना कोरा! नातू साडेतीन वर्षांचा झालेला, आणि रोज शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाशी खेळायला जाणारा. त्या बाळाचं तर लस घ्यायचं वयच झालं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी लस दिली. दोघंही सुखरूप राहिली, हे नशीब.

गोवर म्हणजे नुसतं अंगावरचं पुरळ नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूजही येते. संरक्षण नसेल तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. म्हणून १०० पैकी निदान ९५ मुलांचे दोन्ही डोस झालेले हवेत. मेंटेनन्स चार घरांनी थकवला तर भार बाकीच्यांवर पडतो. इथे तो सगळ्यात लहान बाळावर पडतो.

बाकीचं वेळापत्रक थोडक्यात सांगते. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, कावीळ-ब. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस. दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांना त्रिगुणीचे बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. सरकारी केंद्रात या लसी मोफत मिळतात. साध्या सर्दीसाठी डोस पुढे ढकलू नका. एखादा चुकला तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

आपली इमारत उभी राहिली तेव्हा देशात मुलांना पोलिओ होत होता. घरोघरी थेंब पाजले गेले, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आज घरी गेल्यावर मुलांची कार्डं काढून बघा. कोरा रकाना दिसला तर लाजू नका, माझ्याही घरी होता. डॉक्टरांकडे जा, नाहीतर माझी बेल वाजवा.